पहिलं हेल्मेट घेताना: आधी डोकं मोजा, मग रंग बघा

माझं पहिलं हेल्मेट मी रंग बघून घेतलं. काळ्यावर लाल पट्टे आणि मागे एक छोटासा पंख. दुकानातल्या आरशासमोर उभी राहिले, स्वतःवरच खूश झाले आणि पैसे मोजून बाहेर पडले. डोक्यात कसं अलगद गेलं होतं, टोपी घालावी तसं! मला तेच चांगलं लक्षण वाटलं. आठवड्याभराने मोकळ्या रस्त्यावर जरा वेग घेतला, तर वाऱ्याने हेल्मेट वर उचललं आणि पट्टा गळ्यात रुतला. उजवीकडून येणारी गाडी बघायला मान वळवली, तर मान वळली पण हेल्मेट समोरच बघत राहिलं. उजव्या डोळ्यासमोर हेल्मेटची कड, आणि गाडीचा फक्त आवाज.

त्या दिवशी काही झालं नाही. पण नवं हेल्मेट घेताना मी सगळा क्रम उलटा केला. आपण बहुतेक जण आधी रंग बघतो, मग किंमत, मग माप विचारतो, आणि सुरक्षेच्या मानकाची खूण बघायचं तर राहूनच जातं. हा लेख त्याच्या बरोबर उलट दिशेने जातो.

निघण्यापूर्वी सोबत काय घ्याल

- शिंप्याकडे असते तशी मऊ मोजपट्टी. नसेल तर न ताणणारी दोरी आणि साधी पट्टी.
- रोजचा चष्मा. लेन्स वापरत असलात तरी चष्मा न्या.
- थंडीत डोक्यावर पातळ टोपी किंवा तोंडाला कापडी मुखवटा घालून चालवणार असाल, तर तोही.
- वरून तुमच्या डोक्याचा फोटो काढू शकेल असं कुणीतरी.
- निदान एक तास. दुकान बंद व्हायच्या वेळी जाऊ नका.

केस चालवताना जसे बांधणार तसेच बांधून जा. मी उंच अंबाडा घालून गेले होते, त्यामुळे सगळी मापं चुकली. हेल्मेटखाली केस मानेशी, सपाट बांधलेलेच बरे.

१. हेल्मेट नेमकं काय करतं ते आधी समजून घ्या

बाहेरचं कडक कवच हेच खरं हेल्मेट, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात मुख्य काम आतला जाड पांढरा किंवा काळा थर करतो. हा एक्स्पांडेड पॉलिस्टायरीनचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या थर्माकोलच्या जातीचा असतो. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर पुढे जात राहतो. हा थर स्वतः चिरडला जातो आणि डोक्याला थांबायला दोनतीन सेंटीमीटर अंतर मिळवून देतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डांबरावर कवटी काही मिलिमीटरांत थांबते. फरक तिथे पडतो.

बाहेरचं कवच मार मोठ्या भागावर पसरवतं, टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि रस्त्यावर घसरतं. ते एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकचं, फायबरग्लासचं किंवा कार्बन फायबरचं असतं. कार्बनचं हलकं असतं, पण आपोआप जास्त सुरक्षित ठरत नाही. आतलं मऊ कापड आणि स्पंज फक्त नीट बसण्यासाठी आहे. अपघातात त्याचा उपयोग जवळपास शून्य. दुकानात मात्र आपण हात घालून दाबून बघतो ते नेमकं तेच!

‘मी हळू चालवते, मला कशाला?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. गाडी उभी असताना तोल गेला आणि डोकं १.६ मीटर उंचीवरून खाली आलं, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. गाडीचा वेग शून्य असतानाची ही गोष्ट.

ही समज तशी उशिरा आली. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटरसायकल अपघातानंतर सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. पुढे त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर निबंध छापला. चिरडला जाणारा थर आत असलेल्या हेल्मेटचं अमेरिकी पेटंट त्याहून नंतरचं, १९५३ चं. तोवर हेल्मेट म्हणजे बहुतेक चामडं, कापड आणि पट्ट्यांचा सांगाडा.

हेल्मेटने किती फरक पडतो? कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले होते. अपघातात सापडलेल्या स्वारांमध्ये हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं.

२. प्रकार ठरवा

यात फार वेळ घालवू नका. नव्या माणसाने फुल-फेस, म्हणजे हनुवटीसकट सगळं तोंड झाकणारं घ्यावं, असं माझं सरळ मत आहे. पडताना हनुवटी आणि जबडा हे आपटणाऱ्या भागांत फार वरच्या क्रमांकावर असतात. ओपन-फेस हेल्मेट तो भाग उघडा ठेवतं. अर्धं, वाटीसारखं हेल्मेट तर कान आणि मानेच्या वरचा भागही सोडून देतं. ते मी कुणालाच सुचवणार नाही.

मधला पर्याय मॉड्युलर किंवा फ्लिप-अप, ज्याचा हनुवटीचा भाग वर उचलता येतो. चष्मेवाल्यांना हे सोयीचं पडतं. पण सांधा आणि खटका आल्यामुळे ते थोडं जड असतं. शिवाय हनुवटीचा भाग उचलून चालवायला प्रत्येक मॉड्युलर मान्यताप्राप्त नसतं. हे कसं ओळखायचं ते खुणेच्या पायरीत येईल.

३. डोकं मोजा, आणि त्याची घडणही बघा

मोजपट्टी कपाळावर भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटरवर धरा. कानांच्या वरून मागे न्या आणि मागचा सगळ्यात फुगीर भाग घेऊन पुढे आणा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. ५७-५८ सेंटीमीटर म्हणजे बहुतेक ठिकाणी मीडियम. पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, म्हणून ‘मला मीडियम लागतं’ हे वाक्य विसरा आणि सेंटीमीटर सांगा.

घेराने अर्धीच गोष्ट कळते. दोघांच्या डोक्याचा घेर ५८ असला, तरी एकाचं डोकं पुढून मागे लांबट आणि दुसऱ्याचं जवळपास गोल असू शकतं. वरून काढलेल्या फोटोचा उपयोग इथे होतो. केस दाबून फोटो काढा आणि आकार बघा. लांबट, मध्यम आणि गोल असे तीन ढोबळ प्रकार धरतात. बहुतेक हेल्मेटं मध्यम आकाराला धरून बनतात.

चुकीचा आकार घातल्यावर लगेच ओळखू येतो. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट असेल तर कपाळाच्या मधोमध आणि मागे कळ येते, पण कानांच्या वर जागा रिकामी राहते. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट असेल तर कानशिलं दाबली जातात आणि कपाळापुढे बोट जातं. अशा वेळी एक नंबर मोठं घेऊन काही साधत नाही. कळ जाते, पण बाकी सगळीकडे सैल होतं. मी नेमकं हेच केलं होतं. मॉडेल बदला, नंबर नको.

४. घालून बघा, आणि घालूनच थांबा

दोन्ही पट्टे हातात धरा, बाहेरच्या बाजूला ताणा आणि मग हेल्मेट डोक्यात घाला. कानांवरून जाताना थोडी झटापट व्हायलाच हवी. आत गेल्यावर गाल वर ढकलले जातील आणि आरशात तोंड फुगल्यासारखं दिसेल. बोलताना गाल आतून चावला जाईल असं वाटेल. नवं फुल-फेस हेल्मेट असंच बसतं. डोळे समोरच्या खिडकीच्या, म्हणजे बघायच्या उघड्या जागेच्या, मध्यावर आले पाहिजेत. कपाळाची कड भुवयांपासून फार वर नको.

आता ही तपासणी एकेक करून करा.

*हलवून बघा.* हनुवटीचा भाग धरून हेल्मेट डावीउजवीकडे आणि वरखाली हलवा. गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागच्या जागी राहिली आणि हेल्मेट तिच्यावरून घसरलं, तर ते मोठं आहे.

*बोट घालून बघा.* कपाळ आणि गादी यांच्यामध्ये बोट सहज जायला नको.

*काढून बघा.* पट्टा नीट बांधा, मान थोडी खाली करा आणि सोबतच्या माणसाला हेल्मेटची मागची खालची कड धरून वर-पुढे ढकलायला सांगा. हेल्मेट डोळ्यांवर आलं किंवा निघायला लागलं, तर ते तिथेच परत ठेवा. बाकी सगळ्यात पास झालेली किती हेल्मेटं इथे नापास होतात, ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. अपघातात डोक्यावरून निघून गेलेलं हेल्मेट कितीही चांगलं असलं तरी काय उपयोग?

*थांबून बघा.* हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. हेल्मेट घालून दुकानात वीस मिनिटं फिरा. पहिल्या दोन मिनिटांत सगळीच बरी वाटतात. कपाळावर एका जागी ठसठस सुरू व्हायला वेळ लागतो. काढल्यावर आरशात बघा. सगळीकडे सारखी लाली असेल तर ठीक. एकाच जागी लाल खूण आणि दुखरेपणा असेल तर हे हेल्मेट तुमच्या डोक्यासाठी नाही.

*चष्मा लावून बघा.* काड्या कानशिलावर दाबल्या जाऊ नयेत. काही हेल्मेटांत काड्यांसाठी खाच असते.

*बसून बघा.* तुमची गाडी पुढे वाकून चालवायची असेल, तर दुकानातच स्टुलावर बसून तसे वाका. उभ्याने छान दिसणारी खिडकी वाकल्यावर भुवईशी संपू शकते, आणि मग रस्ता बघायला सतत मान मागे ताणावी लागते.

इथे दोन सल्ले ऐकू येतील. पहिला, ‘वापरून सैल होईल.’ गालांच्या बाबतीत हे खरं आहे. स्पंज काही आठवड्यांत दबतो, म्हणून गालांवर घट्ट असणं चालतं. पण कपाळाचं हाड आणि त्यामागचा कडक थर कधीच सैल होत नाही. तिथली कळ आज आहे ती उद्याही राहील. दुसरा, ‘एक नंबर मोठं घ्या, आरामात बसेल.’ हा ऐकूच नका. दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तर कपाळाला बरोबर बसणारं हेल्मेट घ्या आणि गालांच्या गाद्या जाड-पातळ मिळतात का ते विचारा. बऱ्याच कंपन्या वेगळ्या जाडीच्या गाद्या देतात.

ऑनलाइन मागवणार असाल तर बदलून देण्याची अट आधी वाचा. काचेवरचं प्लास्टिक न काढता, घरातच वीस मिनिटांची चाचणी करा.

५. खूण शोधा

बसायला उत्तम असलेल्या दोनतीन हेल्मेटांपर्यंत पोचलात की मग खूण बघा. तुमच्या देशात कायद्याने जी खूण लागते ती असलीच पाहिजे. बाकीच्या खुणा त्याच्या जोडीला.

ईसीई. युरोपातलं मानक, पण युरोपाबाहेरही बऱ्याच देशांत चालतं. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर गोलात ‘ई’ आणि देशाचा क्रमांक असतो. पुढचा मंजुरी क्रमांक ०६ ने सुरू होत असेल तर ते २२.०६ या नव्या आवृत्तीचं, ०५ ने होत असेल तर जुन्या. त्या क्रमांकाजवळचं रोमन अक्षर बघा. ‘पी’ म्हणजे हनुवटीला संरक्षण आहे, ‘जे’ म्हणजे ओपन-फेस, ‘एनपी’ म्हणजे हनुवटीचा भाग आहे पण तो संरक्षक नाही. मॉड्युलर उघडं ठेवूनही चालवायचं असेल तर ‘पी’ आणि ‘जे’ दोन्ही हवेत.

डॉट. अमेरिकेतलं. यात कंपनी स्वतःच प्रमाणपत्र देते आणि सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. त्यामुळे मागचं स्टिकर एकटं पुरेसं मानू नका. नुसती स्टिकरं सुटी विकत मिळतात.

आयएसआय. भारतातलं, आयएस ४१५१ या मानकानुसार. खुणेजवळ परवाना क्रमांक असतो, तो वाचता आला पाहिजे.

स्नेल. सक्ती नसलेलं, शर्यतींच्या जगातून आलेलं खासगी मानक. ही संस्था १९५७ मध्ये, शर्यतीत वारलेल्या पीट स्नेल या चालकाच्या नावाने सुरू झाली.

ब्रिटनच्या सरकारी ‘शार्प’ योजनेत हेल्मेटांना एक ते पाच तारे दिले जातात. तुमचं मॉडेल त्या यादीत असेल तर जरूर बघा. किंमत आणि तारे नेहमी एकत्र चालत नाहीत, हे तिथे लगेच दिसतं.

जुन्या ईसीई चाचणीत हेल्मेट ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने आपटत असत. ‘मी शंभरने जाते, मग हे कसलं संरक्षण?’ हा प्रश्न मलाही पडला होता. पडताना डोकं रस्त्यावर येतं ते मुख्यतः उंचीवरून. पुढचा वेग घसरण्यात, घासण्यात जिरतो, वाटेत भिंत किंवा गाडी आली नाही तर. २२.०६ मध्ये याहून जास्त आणि कमी वेगांच्या चाचण्याही आल्या. कमी वेगाची चाचणी यासाठी की फार कडक थर छोट्या पडण्यात चिरडतच नाही आणि सगळा धक्का डोक्यात जातो. तिरक्या आपटण्याने डोक्याला बसणारा पीळही आता मोजतात. मिप्ससारखा आतला सरकता थर याच पिळासाठी असतो. मिळाला तर चांगलंच, पण त्याच्यासाठी न बसणारं हेल्मेट घेऊ नका.

नकली ओळखायचं एक साधं साधन म्हणजे तुमचा हात. मऊ कापड बाजूला करून आतला थर बघा. तो साधारण अडीच सेंटीमीटर जाड हवा. फुल-फेसचं वजन सहसा १.२ ते १.८ किलोच्या आसपास असतं. अर्ध्या किलोचं, आत नुसता स्पंज असलेलं जे काही आहे त्याला हेल्मेट म्हणू नये.

६. पट्टा, काच आणि बाकीचं

बक्कल दोन प्रकारचं असतं. डबल-डी म्हणजे दोन कड्यांतून पट्टा ओवायचा. हे साधं, भक्कम आणि दर वेळी तुमच्या गळ्याच्या मापाने घट्ट होणारं. दातेरी खटक्याचं लावायला सोपं, पण पट्टा सैल झालाय का ते अधूनमधून बघावं लागतं. पट्टा आणि गळा यांत दोन बोटं जावीत, चार नाहीत. न बांधता घातलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्यात निघतं.

काच पारदर्शकच घ्या. गडद काच दिवसा रुबाबदार वाटते, पण अंधार पडल्यावर धोक्याची. धुकं न धरणारी आतली फिल्म बसते का ते विचारा. पावसात आणि थंडीत श्वासाने काच पांढरी होते तेव्हा तिची किंमत कळते. काच एका हाताने, हातमोजा घालून उघडता आली पाहिजे. हवेची भोकं बंद-उघड होतात का बघा. लांब प्रवास करणार असाल तर कानात घालायचे बोळे घ्या, वाऱ्याचा सततचा आवाज कानांना खरोखर इजा करतो.

आणि आता रंग! न्यूझीलंडमधल्या २००४ च्या एका अभ्यासात काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं घालणाऱ्यांना इजा होण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी दिसला होता. माझं आताचं हेल्मेट पांढरं आहे. पंख नाही.

७. जुनं किंवा दुसऱ्याचं घेऊ नका

चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही आणि बाहेरून तो दिसतही नाही. वरचं कवच चकचकीत आणि आतला थर कामातून गेलेला, असं सहज होऊ शकतं. त्यामुळे ज्याचा इतिहास माहीत नाही ते हेल्मेट फुकट मिळालं तरी नको. भेट म्हणूनही परस्पर घेऊन देऊ नका, ज्याचं डोकं त्याने जाऊन मोजावं. मागे बसणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. ‘मागे बसणाऱ्यासाठी कुठलंही चालेल’ असं म्हणून ठेवलेलं जादा हेल्मेट बहुधा कुणालाच बसत नाही.

८. घरी आणल्यावर

आत एका कोपऱ्यात खरेदीची तारीख पेनाने चिठ्ठीवर लिहून चिकटवा. साधारण पाच वर्षांनी बदलावं, असं स्नेल आणि बऱ्याच कंपन्या सांगतात, कारण घाम, ऊन आणि केसांचं तेल यांनी डिंक आणि गाद्या झिजतात. डोक्यावर असताना जोरात आपटलं तर त्याच दिवशी बदला. रिकामं हातातून निसटून पडलं तर दर वेळी फेकायची गरज नसते, पण तडा, दबलेली जागा किंवा खुळखुळ जाणवली तर निकालात काढा.

साफ करायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. पेट्रोल, थिनर, रॉकेल लावू नका, ते प्लास्टिक आणि थर्माकोल दोन्ही खातात. प्लास्टिकच्या कवचावर स्प्रेचा रंग मारणंही याच कारणाने टाळा. आरशाच्या दांडीवर हेल्मेट अडकवायची सवय मोडा. दांडीचं टोक आतल्या थरात खड्डा पाडतं, आणि तो थर एकदाच वापरायचा असतो हे आठवतंय ना?

पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. पंधरा मिनिटांची चक्कर मारा. दोन्ही खांद्यांवरून मागे बघा, काच हातमोजा घालून उघडा-मिटा आणि परत आल्यावर कपाळ आरशात बघा. एका जागी लाल खूण दिसली, तर बदलून देण्याची मुदत संपायच्या आत हेल्मेट पिशवीत घालून दुकानात परत जा. पावती सोबत ठेवा.